फेनेकचे कान आणि नगरचा माळ

श्वानकुळ म्हणजे कुत्रा, लांडगा, कोल्हा आणि खोकड ज्यात मोडतात ते कुळ, आणि फेनेक हा त्यातला जगातील सर्वांत लहान प्राणी. उत्तर आफ्रिकेतील सहारा वाळवंटात आणि पूर्वेकडे सिनाईपर्यंत त्याची वस्ती आहे. वजन जेमतेम एक ते दीड किलो भरते, रंग वाळूशी मिळूनमिसळून जाणारा फिकट पिवळसर असतो, आणि एवढ्याशा देहावर पंधरा सेंटिमीटरपर्यंत लांबीचे दोन कान उभे असतात. मोबाइलच्या पडद्यावर त्याला पाहणाऱ्या माणसाला यातले दोनच तपशील दिसतात: मोठे कान आणि काळेभोर टपोरे डोळे. कोनराड लोरेन्झ या प्राणिवर्तनाच्या अभ्यासकाने १९४३ मध्ये असे मांडले होते की, गोल डोके, मोठे डोळे, आखूड तोंड आणि लहान देह ही मानवी अर्भकाची लक्षणे कोणत्याही प्राण्यात एकत्र दिसली की माणसाच्या मनात आपसूक माया दाटून येते. फेनेकचा दोष इतकाच की ही लक्षणे त्याच्यात भरपूर आहेत. त्यातून जी माया उपजते तिला पुढे हौसेचे रूप येते, हौस बाजार गाठते, आणि मग वाळवंटातल्या या प्राण्याचा भाव ठरू लागतो.

वास्तविक ज्या अवयवांवर माणूस भाळतो ते सगळे कामाचे अवयव आहेत. त्याच्या कानांच्या पातळ पाळ्यांत रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते आणि त्यातून शरीरातील उष्णता बाहेर टाकली जाते. त्याच कानांनी तो वाळूखाली सरपटणाऱ्या किड्याची किंवा उंदराची चाहूल घेतो आणि नेमक्या जागी उकरतो. तळपायांवर केस असतात, त्यामुळे तापलेल्या वाळूवर पाय भाजत नाहीत आणि सैल वाळूत रुततही नाहीत. त्याची मूत्रपिंडे मूत्र अतिशय घट्ट करून शरीरातले पाणी राखतात, म्हणून भक्ष्यातून आणि पाल्याफळांतून मिळणाऱ्या ओलाव्यावर तो दीर्घकाळ तग धरतो. त्याच्या शरीरव्यापारावर झालेल्या प्रयोगांत दिसले आहे की, हवेचे तापमान २० अंशांखाली गेले की तो थरथरू लागतो, धापा मात्र ३५ अंश ओलांडल्याशिवाय टाकत नाही, आणि एकदा टाकू लागला की मिनिटाला २३ असणारे श्वास ६९० पर्यंत जाऊ शकतात. धाप टाकण्यात पाणी खर्ची पडते आणि वाळवंटात पाण्याची उधळपट्टी परवडत नाही, म्हणून दिवसाचा सारा ताप तो जमिनीखालच्या बिळात काढतो. हे बीळ म्हणजे अनेक तोंडांचे, फाटे फुटलेले भुयार असते, आणि एका कुटुंबातले दहापर्यंत प्राणी त्यात एकत्र राहू शकतात.

पर्जन्यछायेतल्या, म्हणजे सह्याद्रीने पावसाळी ढग अडवल्यामुळे कोरड्या राहिलेल्या, अहिल्यानगर जिल्ह्यात (पूर्वीचा अहमदनगर जिल्हा; बोलण्यात आजही नुसता ‘नगर’) असा प्राणी सहज रुळेल, असे वरवर पाहता कोणालाही वाटेल. पाथर्डी, कर्जत, जामखेड या तालुक्यांना दुष्काळ नवा नाही, एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी गाठतो, आणि दगडधोंड्यांच्या माळावर दुपारी चिटपाखरू दिसत नाही. परंतु नुसत्या उन्हाने वाळवंट होत नाही. सहाऱ्यात रात्री कडाक्याची थंडी पडते हे खरे, तरी त्या थंडीतून सुटण्यासाठी फेनेकजवळ बीळ असते, अंगाला अंग लावून झोपणारे कुटुंब असते आणि धावायला पुरेशी जागा असते. डिसेंबरातल्या नगरच्या रात्री, दहा अंशांच्या आसपास, घरात पाळलेल्या फेनेकच्या पायाखाली फरशी असते. श्रावणभाद्रपदातली दमट हवा तर त्याच्या शरीराला सर्वस्वी परकी.

नगरच्या सावेडी उपनगरातल्या एखाद्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरील सदनिका डोळ्यांसमोर आणली, म्हणजे फेनेक पाळणाऱ्या गृहस्थीचे स्वरूप नीट समजते. घरातली माणसे जेवणे उरकून, बाहेरच्या दाराला कडी लावून झोपतात, आणि नेमक्या त्याच सुमाराला फेनेकचा दिवस उजाडतो. दिवाणखान्यात येऊन तो आधी स्थिर उभा राहतो; एक कान स्वयंपाकघराकडे वळतो, कारण तिथे फ्रिजची घरघर सुरू झालेली असते, आणि दुसरा भिंतीकडे वळतो, कारण भिंतीतल्या नळातून वरच्या मजल्यावरचे पाणी उतरत असते. वाळूखालचा किडा ऐकण्यासाठी घडलेल्या कानांना या घरात शांतता लाभण्याची शक्यताच नसते. मग तो सोफ्याचा कोपरा गाठतो आणि पुढच्या दोन्ही पायांनी उकरू लागतो. नखे रेक्झिनवरून घसरतात, पुन्हा रोवली जातात, शिवण उसवते, आतला स्पंज बाहेर येतो, तरी उकरणे थांबत नाही. कारण खोल गेल्यावर जो गारवा, जी ओल आणि जो आडोसा हाती लागायला हवा तो स्पंजात सापडत नाही. सोफा झाला की गादी, गादी झाली की कुंडी. मध्येच तो उभ्याने दोन-सव्वादोन फूट उंच उसळतो, मध्येच कर्कश किंचाळतो. हे किंचाळणे दुःखाचेच असते असे नाही, आनंदानेही तो तसाच ओरडतो, पण रात्री दोन वाजता खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनी हा भेद ओळखावा अशी अपेक्षा धरता येत नाही.

मलमूत्राचा प्रश्न याहून चिवट आहे. मांजराप्रमाणे मातीच्या ट्रेवर जाण्याची थोडीफार सवय काही फेनेकांना लागते, परंतु मूत्राने हद्द आखणे हा त्यांच्या व्यवहाराचा भाग असल्यामुळे शिकवणुकीला तिथे मर्यादा पडते, आणि घट्ट मूत्राचा दर्प गाद्याउशांत बसला की निघता निघत नाही. दाराची फट, बाल्कनीच्या गजांमधली पोकळी, ग्रिलचा सुटलेला खिळा या त्याच्या दृष्टीने वाटाच असतात. एकदा बाहेर पडला की हाक मारून तो परत येत नाही, आणि खाली गल्लीत कुत्र्यांची टोळी असते. कैदेत तो दहा-बारा वर्षे, क्वचित चौदा वर्षेही जगतो. म्हणजे दहावीतल्या मुलाच्या हट्टापायी आणलेला प्राणी त्या मुलाचे शिक्षण, नोकरी आणि लग्न होईपर्यंत घरात असतो, आणि तो सांभाळण्याचे काम बहुधा आईकडे आलेले असते.

आहाराचे पथ्यही सोपे नाही. वाळवंटात तो टोळ, भुंगेरे, उंदीर, पाली, पक्ष्यांची अंडी, फळे आणि मुळे असे मिळेल ते खातो. घरात आणल्यावर दूध-पोळीवर किंवा कुत्र्याच्या कोरड्या खाद्यावर त्याचे भागत नाही, कारण हृदय आणि डोळे यांच्यासाठी त्याला टॉरिन नावाच्या द्रव्याची गरज असते व ते प्राणिज अन्नातून मिळावे लागते. म्हणून जाणकार मालक मांजराचे खाद्य, अंडी, कच्चे मांस आणि जिवंत किडे यांचा मेळ घालतात. सकाळी देवपूजा आणि चतुर्थीला उपवास करणाऱ्या घरातल्या फ्रिजमध्ये अळ्यांचा डबा ठेवण्याची तयारी किती जणांची असते, हा प्रश्न हौसेच्या भरात कोणी विचारत नाही.

आजारपण आले म्हणजे खरी अडचण उभी राहते. नगर जिल्हा हा दुधाचा जिल्हा. संगमनेर, राहाता, राहुरी या पट्ट्यातील पशुवैद्यकाचा हात गाई-म्हशींच्या आणि शेळ्यामेंढ्यांच्या रोगनिदानावर बसलेला असतो, शहरात कुत्र्यामांजरांचेही चांगले डॉक्टर मिळतात, पण किलोभर वजनाच्या सहारी प्राण्याला भूल किती द्यावी हे त्यांच्या रोजच्या कामात येत नाही आणि त्यांना त्याबद्दल दोष देणेही योग्य नाही. लसीकरणातली एक गोष्ट तर मुद्दाम नोंदवण्यासारखी आहे. डिस्टेंपर हा कुत्र्यांत पसरणारा, चेतासंस्थेवर घाला घालणारा विषाणुजन्य रोग. त्याच्या नेहमीच्या लशीत विषाणू जिवंत पण दुबळा केलेला असतो. कुत्र्याचे शरीर तो सहज पचवते, फेनेकमध्ये मात्र त्याच लशीमुळे डिस्टेंपर झाल्याच्या घटना पशुवैद्यकीय वाङ्मयात नोंदलेल्या आहेत. ‘कुत्र्यासारखाच तर आहे’ असे म्हणून टोचलेली सुई अशा रीतीने जिवावर बेतू शकते.

येथे माणसाळलेला प्राणी आणि पाळीव प्राणी यांतला फरक लक्षात घ्यावा लागतो. एखादे पिल्लू लहानपणापासून हाताळले तर त्या एका जिवाची माणसाविषयीची भीती जाते. हे माणसाळणे झाले, आणि ते त्या प्राण्याबरोबरच संपते. पाळीवपणा ही त्या जातीची पिढ्यान्‌पिढ्या घडलेली घडण असते आणि ती रक्तातून पुढच्या पिढीत उतरते. खोकडांच्या बाबतीत हा फरक जितका स्पष्ट मोजला गेला आहे तितका दुसऱ्या क्वचितच प्राण्यात मोजला गेला असेल. दिमित्री बेल्यायेव या रशियन अनुवंशशास्त्रज्ञाने १९५९ मध्ये सैबेरियातील नोव्होसिबिर्स्कजवळ रुपेरी खोकडांवर एक प्रयोग सुरू केला. हे खोकड फरसाठी वाढवले जाणारे, म्हणजे कित्येक पिढ्या पिंजऱ्यातच जन्मलेले होते, तरी माणूस जवळ आला की बहुतेक गुरगुरत किंवा कोपऱ्यात दबून बसत. ल्युदमिला त्रुत या सहकारी संशोधिकेने प्रत्येक पिढीत माणसाला सर्वांत कमी बिचकणारी मोजकी पिल्ले निवडली आणि त्यांचीच पुढे वीण केली. काही पिढ्यांतच शेपटी हलवणारी, हात चाटणारी, माणसाकडे धाव घेणारी पिल्ले जन्मू लागली, आणि पुढे काहींचे कान लोंबते, शेपट्या वळलेल्या व अंगावर पांढरे ठिपके आलेले दिसू लागले. बेल्यायेव १९८५ मध्ये वारला. त्रुतने ते काम पुढेही कित्येक दशके चालवले. म्हणजे खोकडाला पाळीव करता येते. मात्र त्यासाठी एक संस्था, हजारो प्राणी, निवडीची निष्ठुर शिस्त आणि एक सबंध मानवी आयुष्य खर्ची पडते. फेनेकवर अशी कोणतीही निवड झालेली नाही. बाजारात मिळणारे त्याचे पिल्लू पिंजऱ्यात जन्मलेले असले तरी वृत्तीने सहाऱ्यातलेच असते, आणि त्याची मादी कैदेत विते तेव्हा थोडा गोंगाट झाला तरी बिथरून पिल्ले मारून टाकते, हा संवर्धकांचा नेहमीचा अनुभव आहे.

प्राण्याशी माणसाचे सख्य किती जुने आणि किती हळू घडलेले असते, याची साक्ष याच जिल्ह्याच्या मातीत सापडली आहे. श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेच्या काठी दायमाबाद आहे. तिथे १९७४ मध्ये जमीन खणताना हत्ती, गेंडा, म्हैस आणि दोन बैलांचा रथ अशी ब्राँझची चार भरीव शिल्पे मिळाली. त्यांच्या काळाविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत, तरी सर्वसाधारणपणे ती उत्तर हडप्पा काळातील, म्हणजे सुमारे चार हजार वर्षांपूर्वीची मानली जातात. रथात एक पुरुष उभा आहे, आणि त्याच्यापुढे रथाच्या दांडीवर एक छोटा कुत्रा उभा आहे. शिल्पकाराने हत्ती आणि गेंडा स्वतंत्र घडवले. कुत्र्याला मात्र माणसाच्या वाहनात जागा दिली. त्या काळीही कुत्र्याचे माणसाबरोबरचे सख्य हजारो वर्षांचे जुने झालेले होते, म्हणूनच त्या दांडीवर तो इतका निवांत उभा राहू शकतो.

आफ्रिकेतून आलेल्या प्राण्याचेही उदाहरण जवळच आहे. पाथर्डी तालुक्यातील मढी येथे कानिफनाथांची यात्रा होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत चालते आणि तीत रंगपंचमीच्या सुमाराला गाढवांचा मोठा बाजार भरतो. तिथे हारीने बांधलेली, दात तपासून विकली जाणारी, माती आणि विटा वाहणारी गाढवे ही मूळची ईशान्य आफ्रिकेच्या रखरखीत प्रदेशातल्या रानगाढवांची वंशज. अनुवंशशास्त्रीय पुराव्यानुसार सुमारे सात हजार वर्षांपूर्वी ती माणसाच्या सोबतीला आली. फेनेक आणि गाढव हे एकाच खंडातले, दोघेही कोरड्या मुलखाचे. पण गाढव गवतकाडीवर भागवते, दिवसा जागे असते आणि अंगावर ओझे घेते. मढीच्या व्यापाऱ्याला गाढवाचे वय, खोड आणि किंमत एका नजरेत कळते, कारण त्याच्यामागे या ज्ञानाच्या अगणित पिढ्या आहेत. फेनेकविषयी असे परंपरेने आलेले शहाणपण नगरमध्येच काय, सहाऱ्याबाहेर कुठेही नाही.

केवळ दीर्घ सहवासाने वन्य प्राणी पाळीव होत नाही, याचा दाखला महाराष्ट्राच्या इतिहासातही आहे. कोल्हापूरच्या छत्रपतींच्या पदरी शिकारी चित्ते होते. विसाव्या शतकाच्या आरंभी देशातले चित्ते मिळेनासे झाल्यावर ते आफ्रिकेतून आणले जात, आणि त्यांना राखणारे, डोळ्यांवर पट्टी बांधून गाडीतून शिकारीवर नेणारे चित्तेवान त्या कामात निष्णात होते. मोगलांच्या काळापासून ही विद्या चालत आलेली. अकबराने हजारो चित्ते बाळगल्याचे सांगितले जाते. तरीही एवढ्या चित्त्यांत कैदेत पिल्ले झाल्याची एकच नोंद जहांगीरच्या आत्मचरित्रात सापडते. म्हणजे पदरचा जवळजवळ प्रत्येक चित्ता रानातून पकडलेला होता, आणि दरबाराच्या हौसेचा हप्ता रानाने भरला. भारतातून चित्ता नामशेष झाल्याचे १९५२ मध्ये जाहीर झाले. त्याला केवळ ही हौस कारणीभूत नव्हती, शिकार आणि उजाड झालेली माळराने यांचा वाटा मोठा होता. पण हौसेने त्यात भर घातली हे नाकारता येत नाही.

आज कायद्याची स्थिती पूर्वीइतकी मोकळी नाही. वन्य प्राणी व वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियमन करणारा ‘साइट्स’ हा करार आहे आणि फेनेकचा समावेश त्याच्या दुसऱ्या परिशिष्टात, म्हणजे परवान्याशिवाय ज्यांचा व्यापार करता येत नाही अशा जातींत, होतो. भारतात बराच काळ अडचण अशी होती की, १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा प्रामुख्याने देशी प्राण्यांसाठी होता. विदेशी प्राणी सीमेवर पकडला गेला तर सीमाशुल्काचा गुन्हा, घरात पोहोचला की जवळजवळ कोणाचाच गुन्हा नाही. जून २०२० मध्ये केंद्राने अशा प्राण्यांच्या मालकांना स्वेच्छेने माहिती देण्याची मुभा दिली आणि ठरावीक मुदतीत माहिती देणाऱ्याकडे कागदपत्रे मागितली जाणार नाहीत असे सांगितले. २०२२ च्या दुरुस्तीने साइट्सच्या यादीतील जाती कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आल्या, आणि फेब्रुवारी २०२४ च्या नियमांनुसार असा प्राणी बाळगणाऱ्याने ‘परिवेश’ या सरकारी पोर्टलवर नोंदणी करणे, तसेच त्याचा जन्म, हस्तांतर आणि मृत्यू कळवणे बंधनकारक झाले. असे असले तरी चोरट्या आयातीचा ओघ आटलेला नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये चेन्नई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या प्रवाशाच्या सामानात बिबट्याचे जिवंत बछडे निघाले होते. किलोभर वजनाचा प्राणी लपवणे त्याहून कितीतरी सोपे आहे.

या संदर्भात मढीच्याच यात्रेची दुसरी बाजू आठवल्याशिवाय राहत नाही. वैदू, गोपाळ, कैकाडी, जोशी अशा अनेक भटक्या जमाती तिथे वर्षानुवर्षे एकत्र येत आल्या आणि त्यांच्या जातपंचायती तिथेच भरत. भटक्यांपैकी दरवेशी अस्वल खेळवत, माकडवाले माकड, गारुडी साप. १९९८ च्या अधिसूचनेने अस्वल आणि माकड यांचे खेळ बंद झाले, सापांना कायद्याचे संरक्षण मिळाले, आणि ते प्राण्यांच्या दृष्टीने योग्यच झाले. नाकात वेसण घातलेल्या अस्वलाची बाजू घेण्यासारखे काही नव्हते. पण ज्याचे पोट त्या प्राण्यावर होते त्याला कायद्याने एका दिवसात गुन्हेगार ठरवले, आणि ज्याची केवळ हौस होती त्याला मुदत, पोर्टल आणि स्वेच्छेने माहिती देण्याची सवलत मिळाली. या विषमतेकडे वन्यजीवप्रेमींनी पुरेसे पाहिलेले नाही.

फेनेकच्या लोकप्रियतेला साहित्याचाही हातभार लागला आहे. आंत्वान द सेंत-एक्झ्युपेरी या फ्रेंच वैमानिक-लेखकाचे विमान १९३५ च्या अखेरीस सहाऱ्याच्या पूर्व भागात कोसळले. पाण्यावाचून भटकताना तो एका फेनेकच्या पावलांचा माग काढत गेला, आणि १९३९ च्या आपल्या पुस्तकात त्याने लिहून ठेवले की, झुडपांवरच्या गोगलगाई खाताना हा प्राणी एका झुडपावरच्या दोन-तीनच उचलतो आणि पुढच्या झुडपाकडे जातो. सगळ्या एकाच ठिकाणी फस्त केल्या तर गोगलगाईंचे बियाणेच उरणार नाही. पुढे १९४३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द लिटल प्रिन्स’मध्ये त्याने लांब कानांचा, माणसाळवले जाण्याची इच्छा बोलून दाखवणारा खोकड रंगवला. जगाने दुसरा खोकड डोक्यावर घेतला. पहिला, जो स्वतःच्या वाळवंटात राहून रोज रात्री दूरवर फिरतो आणि हात राखून खातो, तो मात्र पुस्तकातच राहिला. आणि खरा फेनेक तोच आहे.

नगरच्या माणसाला खोकडाचीच ओढ असेल तर त्याच्यासाठी एक खोकड जिल्ह्यातच आहे. मराठीत कोल्हा आणि खोकड यांची नेहमी गल्लत होते: कोल्हा हा मोठा, लांडग्याचा जवळचा भाऊबंद, गावाच्या कडेने आणि उसात वावरणारा, खोकड त्याच्या निम्म्याहूनही लहान, दोन ते तीन किलो वजनाचा, बारीक पायांचा, करड्या अंगाचा आणि शेपटीचे टोक काळे असणारा. भारतीय उपखंडाबाहेर तो कुठेही आढळत नाही. फेनेक आणि तो एकाच प्रजातिगटातले, म्हणजे जवळचे नातेवाईक. कर्जत, श्रीगोंदा, जामखेड, पारनेरच्या माळांवर संध्याकाळी ऊन उतरले की बोरीच्या जाळीशेजारच्या बिळातून आधी दोन कान वर येतात, बराच वेळ तसेच राहतात, मग तोंड, मग अर्धे अंग. दूरवर मोटारसायकलचा आवाज आला की सगळे पुन्हा खाली जाते. नर-मादी जोडीने राहतात, हिवाळ्यात जुगतात, आणि सुमारे पन्नास दिवसांनी मादीला दोन ते चार पिल्ले होतात. टोळ, वाळवी, भुंगेरे, उंदीर, सरडे, जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी आणि हंगामात बोरे असा त्याचा आहार आहे. उंदीर आणि टोळ खाऊन तो ज्वारी-बाजरीच्या शेतकऱ्याचे किती धान्य वाचवतो याचा हिशेब कोणी मांडत नाही. कोंबडी गेली की मात्र नाव त्याचेच निघते.

त्याचा अधिवास म्हणजे गवताळ माळ, आणि महसुली दप्तरात या माळाची गणना दीर्घकाळ पडीक जमिनीत होत आली. पडीक म्हटले की ती ‘सुधारावी’ असे ओघानेच आले: कोणी त्यावर झाडे लावली, कोणी कुकडी कालव्याचे पाणी आल्यावर ऊस केला, कोणी प्लॉट पाडले. माळढोक पक्ष्यासाठी १९७९ मध्ये सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत मिळून ८,४९६ चौरस किलोमीटरचे अभयारण्य घोषित झाले, त्यात कर्जत, श्रीगोंदा आणि नेवासे यांचा भाग होता; पुढे ते १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले, आणि माळढोक तर महाराष्ट्रातून जवळजवळ गेलाच. कर्जत तालुक्यातील रेहेकुरीचे १९८० चे काळवीट अभयारण्य अवघे २.१७ चौरस किलोमीटर आहे. काळवीट पाहायला तिथे लोक येतात, खोकड पाहायला कोणी येत नाही.

माळढोक अभयारण्याच्या नान्नज भागात आबी तमीम वनक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खोकडांचा दीर्घ अभ्यास केला. त्यात आढळले की, भोवती शेते पसरलेली असतानाही खोकड उरलेल्या गवताच्या तुकड्यांनाच धरून राहतात, आणि मोकाट कुत्रा जवळ असला की समोर ठेवलेले खाद्यही नीट खात नाहीत; मान वर करून पाहण्यातच त्यांचा वेळ जातो. त्याच परिसरातल्या कुत्र्यांत डिस्टेंपर आणि पार्वो या विषाणूंचा वावर मोठ्या प्रमाणात असल्याचेही दिसून आले, आणि हे रोग कुत्र्यांकडून खोकडांकडे जाऊ शकतात. फेनेकला घरात जो धोका लशीच्या सुईतून येतो, तो खोकडाकडे धनगरवाड्याच्या आणि ऊसतोड मजुरांच्या कोप्यांच्या मागे फिरणाऱ्या, लस न टोचलेल्या कुत्र्यांकडून चालत येतो. विदेशी प्राण्यासाठी लाखभर रुपये मोजू शकणाऱ्या हौशी माणसाने तेच पैसे आपल्या तालुक्यातील कुत्र्यांच्या लसीकरणावर खर्च केले तर त्यातून कितीतरी खोकड वाचतील. समाजमाध्यमांवर टाकण्यासारखे छायाचित्र मात्र त्यातून मिळणार नाही.

खोकडाला घरी आणण्याचा मोहही काही नवा नाही. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात बांधबंदिस्तीचे काम निघते, जेसीबी माळावर फिरतो, एखादे बीळ फुटते, आणि आत डोळे नुकते उघडलेली करडी पिल्ले सापडतात. कोणी ती टोपलीत घालून घरी नेतो, बाटलीने गाईचे दूध पाजतो, मुले दोन दिवस खेळतात, आणि तिसऱ्या दिवशी पिल्लांना हगवण लागते. खोकड हा कायद्याने संरक्षित प्राणी आहे; त्याला पकडणे आणि बाळगणे हा गुन्हा आहे, मग हेतू कितीही चांगला असो. अशी पिल्ले दिसल्यास यंत्र थांबवावे, पिल्लांना हात लावू नये, कुत्री बांधून ठेवावीत आणि माणसांनी तिथून लांब व्हावे. मादी बहुधा जवळच असते आणि अंधार पडल्यावर एकेक पिल्लू तोंडात धरून दुसऱ्या बिळात नेते. सकाळपर्यंत ती आली नाही, किंवा पिल्लू जखमी असले, तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करावा.